वेळासच्या पुळणीवर कामाला जायचंय? नव्या कासवमित्रांसाठी थोडी माहिती

फेब्रुवारी लागला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. बहुतेकांना एकच विचारायचं असतं, कासवाची पिल्लं कधी बघायला मिळतील? एखाद-दुसरा मात्र म्हणतो, "काही काम असेल तर सांगा, आठ दिवस रजा काढून येतो." हा लेख त्या एखाद-दुसऱ्यासाठी आहे. बाकीच्यांनाही उपयोग होईल, पण त्यांनी मधला भाग वगळू नये, कारण सकाळी सात वाजता घरट्यावरची टोपली उचलून पिल्लं सोडली जातात त्याच्या आधीचे दोन महिने त्या मधल्या भागात आहेत.

आधी पार्श्वभूमी. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ पासून कोकणात काम करते. २००२ मध्ये भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावर समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत होते, तेव्हा वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. विचारपूस केल्यावर कळलं की अंडी उकरून नेतात, खातात, विकतात. पिल्लू समुद्रात जाताना गावातल्या फारच थोड्यांनी पाहिलेलं होतं. संस्थेने तक्रारी करत बसण्याऐवजी गावातल्याच पोरांना हाताशी धरलं आणि घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, आणि अंडं विकण्यापेक्षा अंडं राखण्यात चार पैसे जास्त आहेत हे गावाला दिसलं. माझ्या मते या सगळ्या कामातली खरी युक्ती हीच. पुढे वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी हे काम किनाराभर नेलं. आज आंजर्ले, गुहागर, दिवेआगर, वायंगणी अशा कितीतरी पुळणींवर घरटी राखणारी माणसं, म्हणजे कासवमित्र, आहेत. तेव्हा वेळासला जागा नसेल तर हिरमुसू नका. उलट कमी गाजलेल्या किनाऱ्यावर माणसांची गरज जास्त असते.

कधी जायचं

आपल्याकडे अंडी घालायला येते ती ऑलिव्ह रिडले जातीची मादी. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येच्या मुखाशी त्या हजारोंनी एकदम येतात, तसं कोकणात होत नाही. इथे एखाद्या रात्री एक, कधी दोन, मग चार रात्री काहीच नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा हंगाम आणि फेब्रुवारी ते मे हा पिल्लं बाहेर पडण्याचा. काम शिकायचं असेल तर जानेवारी आणि फेब्रुवारीची सुरुवात उत्तम. त्या दिवसांत नवी घरटीही मिळतात आणि जुन्यांची राखणही चालू असते. फक्त पिल्लं बघायची असतील तर मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य, तोही आठवड्याच्या मधले वार. शनिवार-रविवारी पुळणीवर जत्रा असते.

अंदाज बांधायची रीत सोपी आहे. अंडी घातल्यापासून पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं येतात. थंडीत वाळू गार असते म्हणून डिसेंबरच्या घरट्याला जास्त दिवस लागतात, उन्हाळ्याकडे झुकलेल्याला कमी. म्हणजे २० जानेवारीचं घरटं १० ते २० मार्चच्या सुमाराला फुटेल असं धरायचं. निघण्याआधी कासवमित्राला फोन करून एवढंच विचारायचं की वहीत त्या आठवड्यात किती घरटी बसतात. चार-पाच असतील तर निघा. एकच असेल तर रिकाम्या हाताने परत येण्याची तयारी ठेवा.

परवानगी, आणि ती का

ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच. अंड्याला किंवा पिल्लाला हात लावायचा तो वनविभागाच्या देखरेखीखाली आणि नेमलेल्या कासवमित्राबरोबरच. हौसेने एकट्याने घरटं शोधायला निघणं, सापडलं म्हणून उकरून बघणं, हे गुन्ह्यात मोडतं. म्हणून पहिली पायरी: ज्या किनाऱ्यावर जायचंय तिथल्या वनपाल किंवा वनरक्षकाला आणि स्थानिक संस्थेला आधी कळवा, किती दिवस येणार ते सांगा आणि ते देतील ते काम घ्या. पहिले दोन-तीन दिवस फक्त चालणं आणि वही लिहिणं हेच तुमच्या वाट्याला येईल. त्यात कमीपणा नाही.

वेळास मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या मुखाजवळ, बाणकोट किल्ल्याच्या पलीकडे आहे. नाना फडणवीसांचं गाव म्हणून जुन्या माणसांना ठाऊक. महाड-मंडणगडवरून रस्त्याने येता येतं, किंवा हरिहरेश्वरकडून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालून वेसवीला उतरायचं. फेरीबोटीची शेवटची वेळ आधी विचारून घ्या.

बरोबर काय आणायचं याची यादी छोटी आहे. लाल प्रकाशाची विजेरी (साध्या विजेरीला लाल जिलेटीन कागद बांधला तरी चालतं), गडद रंगाचे कपडे, मोजपट्टी, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेन आणू नका, पहाटेच्या दवाने शाई पसरते. सुगंधी तेल, मच्छर पळवायचं मलम, सॅनिटायझर हातावर असेल तर तुम्हाला अंड्यांजवळ कोणी फिरकू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

पहाटेची फेरी

कामाचा कणा हा. पहाटे चार-साडेचारला निघायचं, पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरतीरेषेच्या कडेकडेने चालत जायचं. उजाडायच्या आत का? एक तर कुत्री आणि कोल्हे तुमच्या आधी पोचतात. दुसरं, चढत्या भरतीने किंवा सकाळी फिरायला आलेल्यांच्या पावलांनी माग पुसला जातो.

मादी समुद्रातून सरळ वर येते, अंडी घालते आणि दुसऱ्या वाटेने परत जाते, त्यामुळे वाळूत दोन माग दिसतात. ऑलिव्ह रिडलेचे पुढचे वल्ह्यासारखे पाय आळीपाळीने पडतात, म्हणून मागाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर नसतात, एकाआड एक असतात. दोन्ही बाजू समोरासमोर जुळत असतील तर ती हिरव्या समुद्री कासवाची असण्याची शक्यता मोठी. असं दिसलं तर कशालाही हात न लावता आधी फोटो काढा आणि वनरक्षकाला बोलवा.

दोन्ही माग जिथे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली असते. ही मादी मोठी हुशार. अंडी घालून झाली की खड्डा बुजवते आणि स्वतःचं अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू घट्ट करते. चाळीस-पंचेचाळीस किलोचं धूड वाळूवर आदळतं त्याचा धप-धप आवाज शांत रात्री बराच लांब ऐकू येतो. मग आजूबाजूला वाळू उधळून जागा लपवते. कित्येकदा वर येऊन, खड्डा अर्धवट काढून, अंडी न घालताच परतही जाते. त्यामुळे माग आहे म्हणजे घरटं आहे असं नाही.

नेमकी जागा शोधणं हे अनुभवी कासवमित्राचं काम. ते कसं करतात ते मात्र जवळून बघा. आमच्याबरोबरचे काका विस्कटलेल्या वाळूवर अनवाणी, अगदी हळू चालतात, टाचेवर भार देत. वरची वाळू सगळीकडे सारखीच दिसते, पण एका जागी टाच बोटभर जास्त खाली जाते. तिथे ते गुडघे टेकतात, बोटांनी वाळू बाजूला करतात. कोरडी वाळू, मग ओलसर, मग एकदम सैल. हात कोपरापर्यंत आत जातो आणि चेहरा बदलतो. "आसत," एवढंच म्हणतात. काठी खुपसून शोधणारेही असतात. मला ती पद्धत अजिबात पसंत नाही, कारण एक अंडं फुटलं की त्याच्या वासाने मुंग्या येतात आणि शेजारची दहा नासतात.

मादी अजून वाळूवरच असेल तर जिथे असाल तिथे खाली बसा. विजेरी बंद, बोलणं बंद, मोबाईल खिशात. ती वर चढत असताना कोणी आडवं गेलं किंवा उजेड पडला तर अंडी न घालता मागे फिरते. एकदा अंडी घालायला लागली की सहसा उठत नाही, पण म्हणून तिच्या तोंडासमोर फोटोसाठी बसायचं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसेल. ते रडणं नव्हे, शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकण्याची सोय आहे. गावात याच्या हळव्या गोष्टी सांगतात, ऐकून घ्यायच्या.

अंडी हलवणं

खरं सांगायचं तर घरटं आहे तिथेच राहू देणं सर्वांत चांगलं. मादीने निवडलेली जागा, तिने केलेली खोली, तिथली ओल, याची बरोबरी आपण करू शकत नाही. पण कोकणातल्या पुळणींवर मोकाट कुत्री आहेत, घोरपडी, रानडुकरं, कोल्हे आहेत, उधाणाचं पाणी वर येतं, आणि काही ठिकाणी माणसांचाही भरवसा नाही. म्हणून नाइलाजाने अंडी उबवणी केंद्रात नेतात. ज्या घरट्याला धोका नाही ते जाळी लावून जागेवरच राखण्याकडे आता कल वाढतोय, हे फार चांगलं आहे.

हलवायचीच तर लवकर. अंडी घातल्यावर थोड्याच तासांत आतला गर्भ टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मरतो. म्हणून पहाटेची फेरी आणि हलवण्याचं काम एका दमात उरकायचं. एकेक अंडं दोन बोटांत अलगद उचलायचं, वरची बाजू वरच ठेवायची, बादलीत घरट्यातलीच ओली वाळू अंथरून त्यावर रचायचं. अंडं टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, मऊ कवचाचं, बोटाने दाबलं तर खळगा पडणारं. उचलताना एकाने मोठ्याने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. एका घरट्यात शंभरच्या आगेमागे असतात, कधी दीडशेही. मोजणाऱ्याशी गप्पा मारू नका, साठाच्या पुढे आकडा हमखास चुकतो.

जुन्या खड्ड्याची खोली आणि तळाची रुंदी मोजून घ्या. केंद्रात तसाच खड्डा करायचा असतो: वर अरुंद तोंड, खाली फुगीर पोट, साधारण हातभर खोल. अंडी ठेवून आधी ओली वाळू आणि वर कोरडी. पाणी घालायचं नाही. वर नंबर, तारीख, अंड्यांची संख्या आणि सापडल्याची जागा लिहिलेली पाटी. दोन घरट्यांत निदान एक मीटर अंतर.

केंद्राची जागा भरतीरेषेच्या वर, मर्यादवेल जिथे पसरलेली असते त्या पट्ट्यात घेतात, आणि दरवर्षी बदलतात, नाहीतर कुजलेल्या टरफलांनी वाळू बिघडते. भोवती जाळी, ती वाळूत खालीही पुरलेली, कारण कुर्ल्या वरून नाही, खालून येतात. उन्हाचाही हिशेब असतो. कासवात नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू जितकी उष्ण तितक्या माद्या जास्त, आणि फारच तापली तर अंडीच दगावतात. म्हणून उन्हाळ्यात काही केंद्रांवर सावलीची जाळी लावलेली दिसेल. ती तुमच्या सोयीसाठी नाही, तिच्याखाली खुर्ची टाकू नका.

राखण

हा काळ कंटाळवाणा आहे आणि तिथेच निम्मे स्वयंसेवक गळतात. पन्नास दिवस जाळीच्या आत काहीही घडत नाही. काम एवढंच: जाळीला भोक पडलंय का बघणं, कुत्री हाकलणं, कुर्ल्यांची बिळं बुजवणं, तापमान लिहिणं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या त्याच त्या प्रश्नांना न चिडता उत्तरं देणं. पंचेचाळिसावा दिवस आला की घरट्यावर टोपली पालथी घालतात. पिल्लं अंड्यातून निघाली तरी लगेच वर येत नाहीत, दोन-चार दिवस सगळी मिळून वाळू खाली ढकलत वर सरकतात. तेव्हा वरची वाळू किंचित खचते. ते खचणं ओळखायला शिकलात की बाकीचं आपोआप येईल.

सोडणं

सकाळी सहा-सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी पाच-सहाला टोपल्या उघडतात. निसर्गात पिल्लं बहुतेक रात्रीच बाहेर पडतात. दुपारी सोडली तर तापलेल्या वाळूत भाजून निघतील. पिल्लू जेमतेम दीड इंचाचं, पंधरा-वीस ग्रॅमचं. अंड्यातल्या बलकाची शिदोरी त्याच्या पोटात असते, आणि पहिले एक-दोन दिवस न थांबता पोहून खोल समुद्र गाठायचा असतो त्याच शिदोरीवर. म्हणून घमेल्यात पाणी घालून 'जरा पोहताना बघूया' हा उद्योग करू द्यायचा नाही. तासन्‌तास टोपलीत वळवळत ठेवायचं नाही. पाहुणे यायचेत म्हणून सोडणं लांबवायचं तर मुळीच नाही, मग पाहुणे कितीही मोठे असोत.

पाण्यापासून काही मीटर वर वाळूत सोडायची आणि चालू द्यायची. तो चालण्याचा भाग गाळू नये, कारण जिथे जन्मलो तो किनारा ओळखण्याची खूण तिथेच मनात बसत असावी असं अभ्यासक मानतात. तुमचं काम दोरीच्या कडेला उभं राहून लोकांना मागे ठेवण्याचं. फ्लॅश नाही, पिल्लू हातात घेऊन फोटो नाही, दोरीच्या आत पाऊल नाही. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे जातात, म्हणून अंधारात सोडत असाल तर मागच्या हॉटेलांचे, गाड्यांचे दिवे बंद करायला आधीच सांगून ठेवा. आकाशात घारी आणि कावळे घिरट्या घालत असतील तर थोडं थांबा. लाटेत शिरल्यावर एखादं घारीने नेलं तर लहान मुलं रडतात. त्यांना खोटं सांगू नका, घारीचीही पिल्लं असतात.

उकरणं आणि वही

बहुतेक पर्यटक इथे निघून जातात, आणि वही सुरू होते. शेवटचं पिल्लू बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांनी घरटं उकरून रिकामी टरफलं, न फळलेली अंडी, आत मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजतात. वास उग्र असतो, नाकाला रुमाल बांधा. अडकलेलं जिवंत पिल्लू कधीकधी तळाशी सापडतं, त्यासाठीसुद्धा हे करायचं. एकूण अंड्यांपैकी किती फुटली हा आकडा केंद्राची प्रकृती सांगतो. एका कोपऱ्यातल्या घरट्यांतून सारखी कमी पिल्लं निघत असतील तर तिथे ओल जास्त आहे किंवा ऊन जास्त आहे, आणि पुढल्या वर्षी जागा बदलायची.

पिल्लावर खूण बसवता येत नाही, त्यामुळे २००२ साली वेळासहून गेलेलं पिल्लू आज आई होऊन परत आलं का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मोठ्या माद्यांचं थोडं कळू लागलंय. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावर अशी ही पहिलीच. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा. बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या कासवांचा एकमेकांशी संबंध नाही असं आपण धरून चाललो होतो. पट्टीवरचा नंबर कोणीतरी पहाटेच्या अंधारात नीट वाचून लिहून ठेवला, म्हणून हे समजलं. नंबर दिसला तर दोनदा वाचा, फोटो काढा, लगेच कळवा.

राहणं, जेवण, पैसे

घरगुती राहण्याची सोय आधी ठरवा आणि ठरवलेले पैसे घासाघीस न करता द्या. कासव राखण्यामागचं अर्थकारण त्याच घरांवर उभं आहे. जेवण साधं कोकणी, कुठे शाकाहारीच, ते आधी विचारा. किनाऱ्यावर दारू आणि गाणी नकोत. जमलं तर संस्थेला विजेऱ्या, जाळी, बॅटऱ्या घेऊन द्या. कासवमित्रांचं मानधन हंगामापुरतं आणि तुटपुंजं असतं, त्याबद्दल वरच्यांना पत्र लिहिणं हेसुद्धा संवर्धनाचंच काम आहे.

हंगाम सरल्यावर

जूनपासून समुद्र खवळतो आणि जखमी कासवं किनाऱ्याला लागतात. जाळ्याच्या तुकड्यात अडकून वल्हं कापलेली, बोटीचा मार बसलेली, अंगात त्राण नसलेली. कोकणात कुठेही असाल तरी हे काम तुमच्या दारात येऊ शकतं. लोक भाबडेपणाने त्यांना परत पाण्यात ढकलतात. दमलेलं कासव बुडून मरतं, कारण त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या राहू द्या, पाण्याच्या टबात ठेवू नका, खायला काही देऊ नका. अंगात रुतलेलं जाळं ओढू नका. जवळच्या वनरक्षकाला किंवा १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा. डहाणूला अशा कासवांसाठी उपचार केंद्र आहे.

तुमच्या ओळखीत मच्छीमार असतील तर त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. जाळ्यात जिवंत कासव अडकलं आणि ते सोडवायला जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकारच्या योजनेत नुकसानभरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत. त्यासाठी कासव सोडतानाचे आणि कापलेल्या जाळ्याचे फोटो लागतात. बऱ्याच तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) योजना ठाऊक असते पण अर्ज भरायचा कंटाळा येतो. बंदरावर बसून चार अर्ज भरून दिलेत तर पुढच्या हंगामात नवं घरटं दिसल्यावर पहिला फोन तुम्हालाच येईल.